गाडीचा हौदा पहिल्याहून बरा झाल्याबाबत

दि. १६ एप्रिल २००४, शुक्रवार
मुक्काम आमचा मळा, वारंगा फाट्याच्या अलीकडे

वडील साडूभाऊ श्री. सोनाजीराव यांच्या पायी धाकट्या साडूचे, म्हणजे नामाजीचे, दंडवत.

इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत, शेळ्या-मेंढ्या खुशाल आहेत, आणि तुमची गाडी तर इतकी खुशाल आहे की तिच्यापुढे आमची खुशाली काहीच नाही. तिकडे तुमचा गुडघा कसा आहे? गोजरबाई अक्कांचा खोकला थांबला का? हळद वाळली का? वाळली नसेल तर तिला निवांत वाळू द्यावी, कारण घाईने वाळवलेली हळद आतून कच्ची राहते असे म्हणतात. (कुरुंद्याच्या माणसाला हळदीतले शहाणपण आमच्यासारख्या शेळ्यांमागच्या माणसाने सांगू नये हे मला कळते. पण तरी सांगतो. सात-आठ दिवस आणखी वाळली तर काय बिघडते?)

पत्रास कारण काहीच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचताना तुमच्या मनात पाल चुकचुकायला नको. फोन करता आला असता, पण फाट्यावरच्या एसटीडीच्या बाकड्यावर जी मंडळी बसलेली असतात ती फोन करायला आलेली नसतात, दुसऱ्याचे ऐकायला आलेली असतात. म्हणून हे लखमाच्या हाती देतो आहे. लखमा म्हणजे आमच्या चुलत्याचा थोरला, मेंढरांमागे हिंडून पाय वाकडे झालेला. त्याला चहा दिला की तो थांबतो आणि जेवण दिले की मुक्काम करतो, तेव्हा चहाच द्यावा.

आता गाडीचे. सोनाजीराव, आपला अबोला गेल्या दिवाळीला सुटला. अकरा वर्षांचा अबोला तो, आणि कशापायी, तर मेव्हण्याच्या लग्नात आहेराचा टॉवेल तुमच्याआधी माझ्या खांद्यावर पडला म्हणून. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, टॉवेल टाकणाऱ्याची नजर अधू होती, मी खांदा पुढे केला नव्हता. (टॉवेलही असा की पहिल्या धुण्यातच त्याचे फडके झाले. तुमचा टिकला असे ऐकतो.) आपण पुरुष माणसे, आपले काय बिघडले? बिघडले ते त्या दोघी बहिणींचे. अकरा वर्षांत सिंधू तिच्या अक्काला भेटली ती फाट्यावर, एसटी थांबते तेवढ्या वेळात, एक खिडकीत आणि एक खाली. हे मला दिसत होते आणि तरी मी आधी तोंड उघडले नाही, याची आता लाज वाटते. म्हणून मागच्या महिन्यात तुम्ही तुमच्या नव्या पिकअपची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणालात, महिनाभर वापर, फक्त हौद्याला ओरखडा नको, मी अक्काला घेऊनच गाडी न्यायला येतो, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. तुम्हाला मी धूळ गेली म्हणून सांगितले. तेव्हापासून सिंधू दिवस मोजते आहे. अक्का सोमवारी आमच्या घराची पायरी चढणार, अकरा वर्षांनी. घर दोनदा सारवून झाले, शेवया करून झाल्या, आणि मला रोज एकच प्रश्न, की दाजी रागावतील असे काही तुमी केलं तर न्हाई ना?

तर ओरखडा पडलेला नाही. ओरखडा पडला असता तर मी तसे लिहिले असते. जे झाले त्याला ओरखडा म्हणत नाहीत, कारण ओरखडा एका जागी असतो.

त्याचे असे झाले. शेळी हा प्राणी जमिनीवर असेपर्यंत सभ्य आहे. हौद्यात चढली की तिला पहिली आठवण मुतायची होते, आणि एकीला झाली की बाकीच्या मागे राहत नाहीत. कळमनुरीच्या आठवडी बाजाराला मी मोजून चार खेपा केल्या. चौथ्या खेपेनंतर हौदा धुतला तर तुमचा तो पांढराशुभ्र रंग पाण्याबरोबर निघून गेला आणि खाली भाकरीवर पडतात तसे तांबूस डाग दिसले. तेही चालले असते. पण त्याच आठवड्यात भावकीतल्या एकाचे कडबाकुट्टीचे यंत्र हलवायचे होते. गाडी दारात असताना नाही कसे म्हणावे? यंत्र चढवले, आणि ते फाळक्यापासून केबिनीपर्यंत स्वतःच्या चार लोखंडी पायांवर सरकत गेले. उतरवताना पुन्हा तसेच परत आले. त्या आवाजाने झाडावरचे कावळे उडाले होते. माझा जीव तेव्हाच अर्धा झाला.

मी तासभर हौद्याकडे पाहत बसलो आणि मग ठरवले की याला असा थर द्यायचा की शेळी मुतो, यंत्र सरको, पत्र्याला कळता कामा नये. फाट्यावर गॅरेजे आहेत, पण तिथे गाडी उभी केली की संध्याकाळपर्यंत कुरुंद्याला खबर. म्हणून काम घरीच, आपल्या हाताने करायचे. लावायचे काय, एवढाच प्रश्न होता.

या प्रश्नावर आमच्या गावात जेवढी चर्चा झाली तेवढी पंचायतीच्या निवडणुकीत झाली नव्हती. एक म्हणाला इंजिनचे जळके ऑइल फासा, एक म्हणाला आळशीचे तेल. ज्याच्या यंत्राने सगळा घात केला तो म्हणाला की काही लावू नका, गंजच गंजाला राखतो. (त्याच्या घरची कुठलीही वस्तू पाहा, तो हे मनापासून बोलतो हे पटेल.) सिंधूचे मत सगळ्यांत सरळ होते. "अवं, भुईला काय लावतो आपून? शेनच ना? मंग पत्र्याला काहून नको?" मला उत्तर सुचेना. आणि उत्तर सुचले नाही की बायकोचे ऐकावे हा आमच्याकडचा नियम आहे.

सोनाजीराव, खोटे कशाला बोलू, सारवलेला हौदा फार सुंदर दिसला. तिने बोटांनी अशी नक्षी काढली की त्यात बसून जेवावे. शेळ्याही घसरल्या नाहीत, घरी असल्यासारख्या बसून राहिल्या. पण आमचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. पहिल्या दोन खड्ड्यांत सारवण तडकले, पुढच्या चारात त्याचा भुगा झाला, आणि मी ऐंशीच्या वेगाने (चाळीसच्या, ऐंशी चुकून लिहिले गेले) निघालो तसा तो भुगा मागे उडाला. मागून मोटरसायकलवर एक नवरा-बायको येत होते, पांढरे कपडे, बहुतेक कुठल्या तरी कार्याला निघालेले. कळमनुरीत त्यांनी मला गाठले तेव्हा त्यांच्यात नवरा कोणता हे आवाजावरूनच कळले. मी त्यांना पाणी दिले, टॉवेल दिला, शेणाने अपाय होत नाही हेही समजावले. घरी येऊन उरलेले खरवडले तर खाली ओल धरून गंज दुप्पट झालेला. सिंधूने शेवयांचा डबा उघडून पाहिला आणि परत बंद केला.

मग मी कळमनुरीच्या शिवहारशेटच्या दुकानात गेलो. रंग, खिळे, दोरखंड, सगळे ठेवतो तो. तो डोळे मिटूनच म्हणाला, "नामाजी, पत्रा घासा, लाल प्रायमर लावा, वरून रंग मारा, दरसाल मारा, अन् झोपा." माझ्या मनाला ते रुचेना. इतके साधे औषध रोग्याला पटत नाही. मी म्हणालो, भारीतले काय आहे? तेव्हा त्याने मागच्या फळीवरून दोन डबे काढले. एकात घट्ट राळेसारखे, दुसऱ्यात पातळ, उग्र वासाचे. दोन्ही एकत्र कालवले की अर्ध्या तासात दगड होतो, म्हणून कालवल्याबरोबर लावायचे, हे त्याने मला तीनदा सांगितले. मीही तीनदा मान हलवली. मला यात अवघड काही वाटले नाही, कारण अर्धा तास म्हणजे पुष्कळ वेळ असे मी समजत होतो.

पण आपल्याकडे नवे काम नारळाशिवाय सुरू होते का? आणि नारळ हरिचंदमामांच्या हाताशिवाय फुटतो का? (मामा म्हणजे गावातले वडीलधारे. विहिरीला पाणी लागले तेही त्यांनी नारळ फोडल्यावरच.) निरोप पाठवला. मामा येताना दिसले तसे मी घाईने दोन्ही डबे बादलीत ओतून काठीने ढवळायला घेतले, म्हणजे ते पोचेपर्यंत माल तयार. मामा पोचले. आधी पाणी झाले. मग चहा. चहात साखर कमी म्हणून दुसरा चहा. मी म्हणालो, मामा, जरा लवकर. तर म्हणाले, "शुभ कामाला काहून घाई करून राहिला?" मग त्यांनी गाडीकडे पाहिले. गाडीचे तोंड दक्षिणेला. दक्षिणमुखी गाडीला मी हात लावणार न्हाई, म्हणाले. गाडी पूर्वेला वळवायची म्हणून चालू करायला गेलो तर ती चालू होईना. आठ जणांनी ढकलून वळवली. तोवर बादलीतून धूर निघायला लागला. मामा म्हणाले, अग्नी प्रकटला, चांगला शकुन आहे. मी ब्रश घेऊन धावलो. काठी धरली तर बादलीसकट वर आली.

नारळ शेवटी त्या बादलीवरच फोडला. पहिल्या फटक्यात दोन सारखी शकले. औषध भारी होते यात शंका नाही, फक्त ते हौद्याला लागायचे राहिले. सिंधू आता त्या बादलीवर बसून शेळ्यांचे दूध काढते. काठी टेकायला बरी पडते म्हणते.

हा झाला मंगळवार. सोमवार सहा दिवसांवर आलेला. रात्री सिंधूने विचारले की दाजीला खरंच सांगून टाकलं तर? मी म्हणालो, एका टॉवेलात अकरा वर्षे गेली, हौद्यात किती जातील हिशोब कर. मग रात्रभर दोघांनाही झोप आली नाही. बुधवारी सकाळी उठून थेट फाट्यावर उत्तमसिंगकडे गेलो. लपवाछपवी संपली, जीव वाचला पाहिजे अशी गत. उत्तमसिंग जुन्या टायरला नवे रबर चढवतो, त्यामुळे त्याच्याकडे टायर खरवडून निघालेल्या काळ्या भुग्याचे ढीग पडलेले असतात. त्याने माझे सगळे ऐकून घेतले, खूप वेळ हसला, आणि म्हणाला, "तात्या, डांबर गरम करो, उसमें ये भुगा डालो, मोटा थर मारो. बकरी फिसलेगी नहीं, पत्रा सडेगा नहीं. बस धूप का खयाल रखना." शेवटचे वाक्य मी ऐकले होते. त्याचा अर्थ मी असा घेतला की उन्हात काम करताना डोक्याला काही बांधावे.

गुरुवारी लावले. आधी शिवहारशेटच्या म्हणण्याप्रमाणे पत्रा घासला, मग पिंपात डांबर वितळवून भुगा मिसळून दोन थर दिले. सोनाजीराव, आज पहाटे तो हौदा पाहायला तुम्ही हवे होतात. काळाभोर, एकसारखा, गारेगार, वर बारीक खरखर. मुठीने वाजवला तर ढप् असा भरीव आवाज. कुठे डाग नाही, ओरखडा नाही, गंजाचे नाव नाही. कंपनीनेही असा दिला नसता. मी नवरीकडे पाहावे तसा पाहत राहिलो आणि चहा घेऊन जरा तिथेच टेकलो.

हे पत्रही गाडीजवळ बसूनच लिहितो आहे. ऊन मी म्हणते आहे, पण सिंधूने डोक्यावर छत्री बांधून दिली आहे आणि दुपारची भाकरीही इथेच आणून दिली. इतकी सेवा लग्नानंतर पहिल्या वर्षातही झाली नव्हती. तिचा चेहरा मात्र बरा दिसत नाही.

तेव्हा लिहिण्याचा मुद्दा एवढाच, की हौदा पूर्ण वाळून तयार आहे, तुम्ही दिला होता त्याहून सरस आहे, आणि काळजीचे कारण नाही. फक्त नवा थर जरा मुरू द्यावा लागतो. म्हणून सोमवारऐवजी पुढच्या सोमवारी, किंवा त्याच्या पुढच्या, आलात तर गाडीला मानवेल. अक्कांनाही ऊन सोसत नाही. आपला लोभ आहे तो असाच राहू द्यावा. गाडी चुकली तरी माणूस चुकलेला नाही एवढे ध्यानात असावे.

आपला, कायम धाकटाच राहणारा,
नामाजी

ता. क. लखमाने वाटेत पत्र उघडून वाचले नसेल, कारण त्याला वाचता येत नाही. पण त्याने इथली परिस्थिती डोळ्यांनी पाहिली आहे. तो काही सांगू लागला तर त्याला लगेच जेवायला बसवावे. मग तो बोलत नाही.

ता. क. दुसरा. वर हौदा पूर्ण वाळला असे लिहिले आहे. ते सकाळी आठपर्यंत खरे होते. नऊला ऊन आले, साडेनऊला चहा संपला म्हणून उठायला गेलो, तर उठता येईना. मी ‘गाडीजवळ’ लिहिले आहे ते ‘गाडीत’ असे वाचावे. डांबर धोतराच्या दोन्ही पदरांतून आत आले आहे. धोतर सोडून निघावे तर समोर हातपंप, आणि सगळ्या गावच्या बायकांना आजच तहान लागली आहे. हरिचंदमामा दोनदा येऊन तोंड पूर्वेला आहे ना, एवढे पाहून गेले. उत्तमसिंगला बोलावले होते. तो म्हणतो, रॉकेल ओतले की माणूस सुटतो, पण तेवढ्या जागेचा थरही सुटतो आणि खालचा पत्रा उघडा पडतो. आता तुम्हीच सांगा. मी ओरखडा पडू देणार नाही असा शब्द दिला होता. मी उठलो तर हौद्याला ओरखडा नाही, परातीएवढे भगदाड पडेल, तेही माझ्या आकाराचे. नाही उठलो तर गाडी तुम्हाला बिनडागी मिळेल, पण माझ्यासकट न्यावी लागेल. खरी विनंती ही. रॉकेल ओतू की बसून राहू, ते लखमाजवळ सांगावे. तुमचे उत्तर येईपर्यंत मी हलत नाही. तुमच्या मनातून पुन्हा उतरण्यापेक्षा हे मला सोपे वाटते.

ता. क. तिसरा. दाजी, सिंधूचा नमस्कार. माझं अक्षर चवथीतलं हाय, संभाळून घ्या. ह्यायनं कागद लखमाला देयाला मला देला, तवा मी वाचला. ह्यायला मी मेंढरं कातरायच्या कातरीनं भवतालून कातरून भाईर काढलं. लुगडं गुंडाळून घरात बशिवलं हाय. थोडी कातडी निघाली, तिथं हळद लावली. धोतराचा तुकडा हौद्यातच हाय, तो निघंना. गाडी आमच्यानंच खराब झाली दाजी, त्यात खोटं काईच न्हाई. तुमी रागवा, पोटभर रागवा, आमी दोघं खाली मान घालून ऐकू. पर पुढच्या सोमवारी नका येऊ, याच सोमवारी या, अन् अक्काला संगं आना. गाडी अंगनात उभी हाय, ती कुटं पळून चालली न्हाई. अक्काला आदी घरात येऊ द्या, माझ्या हातचं पानी पिऊ द्या, घडीभर बसू द्या. मंग हौदा बघा.